भाताची हाळी

आमच्या गावाला जाणारी एसटी घाटाच्या शेवटच्या वळणावर थांबते. तिथं स्टॉप नाही, पाटी नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. शेंदूर फासलेला एक दगड आहे, मोडका कठडा आहे आणि त्याच्यापुढं एकदम खाली उघडलेली दरी. ड्रायव्हर जुना असेल तर आपणहून ब्रेक दाबतो आणि मागं न बघता ओरडतो, "भातवाले, उतरा!" नवा असेल तर कंडक्टर त्याला समजावून सांगतो. बाहेरगावचे प्रवासी खिडकीतून डोकं काढून विचारतात, काय झालं, टायर बसला का? त्यांना कुणी काही सांगत बसत नाही. गावची माणसं खाली उतरतात, कठड्यापाशी जातात, तोंडाभोवती हात धरतात आणि दरीत हाक घालतात. तिलाच आमच्याकडं हाळी म्हणतात.

त्याचं कारण अगदी साधं आहे. वळणावरून गाव समोरच दिसतं, नदीच्या पलीकडं, इतकं जवळ की कुणाच्या अंगणात कुठल्या रंगाचं लुगडं वाळतंय तेही कळावं. पण रस्ता तिथून खाली उतरतो, नदीकाठानं पार लांबच्या पुलापर्यंत जातो आणि तेवढाच परत फिरून गावात येतो. तेवढ्या वेळात भात शिजतो. म्हणून वळणावरून हाळी द्यायची, घरून "ओ" आली की समजायचं, चुलीवर आधण चढलं. उतरून, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ताटात वाफेचा भात. प्रत्येक घराची हाळी वेगळी. आमची म्हणजे आधी एक आखूड आणि मग एक लांबलचक. वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं, माल आणायला ते संगमनेरला जायचे, आणि परत येताना त्यांची ती आखूड-लांब हाळी आली की आई हातातलं काम टाकून ओट्यावर यायची आणि "ओऽऽऽ" द्यायची. अख्ख्या गावात तिच्याएवढी लांब ओ कुणाची नव्हती, हे मी पोटच्या पोरीच्या अभिमानानं सांगते आहे.

सहलीला येणारे लोक आमच्या गावाला निसर्गरम्य म्हणतात. आम्ही राहणारी माणसं त्याला ओलं म्हणायचो. आषाढात कपडे वाळायचं नाव घ्यायचे नाहीत. चुलीच्या वर बांबू बांधलेले असायचे, त्यावर शाळेचा गणवेश पसरायचा, आणि वर्गात बसलं की सगळ्या पोरांच्या अंगाला धुराचा वास. दप्तराला बुरशी, मिठाला पाणी, काडेपेटी कायम आईच्या कनवटीला. चहूबाजूंनी कडे वाहायला लागत आणि ढग खाली येऊन थेट गल्लीत हिंडत. सूर्याचं तोंड दिसलं नाही तरी कुणाचं काही अडत नसे. आज लोक ते धबधबे बघायला गाड्या काढून येतात, फोन उंच धरून स्वतःचेच फोटो काढतात, आणि मी मनात म्हणते, बाबांनो, एकदा त्या ओल्या लाकडांवर चहा करून दाखवा. पण हेही खरं की आता इतक्या वर्षांनी कुठं तरी ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की माझं काम जागच्या जागी थांबतं.

गावाच्या मागं एक कडा आहे. काळा, सरळसोट. वळणावरून दिलेली हाळी गावावरून जाते, त्या कड्यावर आपटते आणि परत येते. हाळीचं नुसतं शेपूट तेवढं परत येतं, तेही जरा उशिरानं. गावात जन्मलेल्याला माणूस कुठला आणि कडा कुठला हे झोपेतही कळतं. आईला मात्र ते शिकावं लागलं. ती नेवाशाकडची, काळ्या रानातली. बाजरीच्या भाकरीवर वाढलेली आणि भात म्हणजे आजारी माणसाचं जेवण असं समजणारी. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वडील संगमनेरला गेले होते. धुकं असं दाट की दारातली तुळस दिसत नव्हती. आईनं हाळीचा लांब सूर ऐकला, धावत ओट्यावर आली, ओ दिली आणि भात टाकला. भात शिजला, निवला, त्याच्यावर साय धरावी तसा थर आला, तरी कुणी आलं नाही. ती हाळी दुसऱ्याच घरची होती, आणि आईच्या कानावर आली ती कड्यावरून परत फिरलेली. वडील दुसऱ्या दिवशी आले. तोवर आळीतल्या बायका दारात येऊन विचारून गेल्या होत्या, "काय गं, कड्याचा पाव्हणा जेवला का?"

तेव्हापासून आमच्या घरात ज्याच्यासाठी ताट वाढलं आणि जो आलाच नाही, तो कड्याचा पाहुणा. आई हसायची, पण सांगायची की त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन रडली होती. तिला नेवाशाचं मोकळं रान हवं होतं, लांबून येणारा माणूस चालताना दिसेल असं. "हितं समदं ढगात. मानूस हाय का कडा, कायबी कळंना," असं ती म्हणायची. पुढं तीच बाई धुक्यातही हाळीवरून सांगायला लागली, कुणाच्या घरी कोण आलं आणि त्याला सर्दी झाली आहे की नाही.

या रिवाजाची दुसरी बाजू अशी की गाव सोडून जाताना वळणावरून हाळी द्यायची नाही. हाळी म्हणजे आलो. जाताना गाडी तिथं थांबतसुद्धा नाही. खिडकीतून एकदा खाली बघायचं आणि तोंड मिटून पुढं जायचं.

दहावीनंतर मला संगमनेरच्या वसतिगृहात ठेवायचं ठरलं. पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन मी वडिलांच्या शेजारी बसले होते. वळण आलं, खाली आमचं घर दिसलं, ओट्यावर आई दिसली, आणि माझ्या तोंडून हाळी सुटली. आखूड आणि लांब, नेहमीसारखी. वडिलांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. खालून आईची ओ आली. गाडी पुढं निघून गेली. दिवाळीला घरी गेले तेव्हा चकल्या पाडता पाडता आई मध्येच म्हणाली, "त्या दिशी मी भात टाकला हुता. मला वाटलं, गाडी परत फिरली."

मला वाटतं, मी त्या दिवसापासून परतच फिरते आहे.

कारण पुढं मी राहायला आले ते नेमकी आईच्या माहेराकडं, नेवाशाला. नवऱ्याची नोकरी इथली आणि मी शिकवते ती शाळाही इथलीच. गाव चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथं हाक मारली की ती जाते ती जातेच. मधल्या सुट्टीत पोरं मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आरोळ्या ठोकतात आणि त्या उसाच्या पलीकडं कुठं तरी विरून जातात. सुरुवातीला मी रिकाम्या मैदानावर उभी राहून एकदा हाळी दिली होती. शिपाई घाबरून पळत आला. बाई, काय झालं, म्हणाला.

नदी तेवढी तीच आहे. प्रवरा आमच्या डोंगरात उगम पावते, आमच्या घरासमोरून जाते आणि एवढा प्रवास करून इथं नेवाशाला येते. वर धरणाचं पाणी सोडलं की इथला काठ भरतो. बायका धुणं आवरून वरच्या पायरीवर बसतात. मी घाटावर जाते आणि पाण्यात पाय सोडते. हे पाणी आईनं पाहिलेलं आहे, एवढंच मनात येतं. केस पांढरे झाले तरी मला घरची आठवण येते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणून सुट्टी मिळाली की मी एसटी पकडते, संगमनेरला गाडी बदलते, आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्याला, परत बदलते आणि त्या वळणावर उतरून हाळी देते. ती ओ ऐकायलाच मी जाते, असं म्हटलं तरी चालेल. बाकी सगळं, भात, गप्पा, गाव, हे त्याच्या मागून.

वडील गेले. दादा नाशिकला कंपनीत आहे. त्यानं दर वर्षी कौलं चाळायची कटकट नको म्हणून घरावर पत्रे टाकले. आई एकटी राहायला लागली, आणि हळूहळू तिचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन, मग समोरच्या माणसाचं बोलणं. दादानं नाशिकला नेऊन कानाचं चांगलं मशीन करून आणलं. ते तिनं पावसाळ्यातले थोडे दिवस लावलं आणि मग गूळ ठेवायच्या डब्यात टाकून दिलं. मी रागावले तर म्हणाली, "अगं, पत्र्यावर पाऊस पडतो त्यो समदा त्या मशीनमधी शिरतो. डोस्कं फुटायची येळ आली. मानसाचं ऐकायचं तर पावसाचं आधी ऐकाया लागतं." मी स्वतः ते कानाला लावून पत्र्याखाली बसून पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं. लोखंडी पिंपात बसवून बाहेरून कुणी खडी ओतावी तसं वाटत होतं.

मग एका दिवाळीनंतर आम्ही तिला नेवाशाला आणलं. इथं पाऊस नाही, मशीन झकास चालायचं. तिला सगळं ऐकू यायचं. शेजारच्यांचा टीव्ही, रस्त्यावरचे ट्रॅक्टर, ऊसवाल्यांची गाणी. तिचं माहेर असूनही ती गच्चीवर जाऊन चहूकडं बघायची आणि खाली येऊन म्हणायची, "लांबलांबवर दिसतंय. पर बगायचं काय?" मी म्हटलं, आई, तुलाच तर मोकळं रान हवं होतं. "तवा हवं हुतं," ती म्हणाली. "आता मला म्हायेरी आनून सोडताय व्हय तुमी? नवऱ्यानं टाकून दिल्यागत?" होळी झाली आणि तिनं पिशवी भरली.

गावी गेल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या वहिनीचा दादाला फोन गेला. आई मागच्या दारी भांडी घासत होती, पुढं गॅसवर भात करपून पातेल्याचा कोळसा झाला होता, घरात धूर कोंडला होता आणि वहिनी पुढचं दार बडवून दमली होती. मागच्या बाजूनं कुंपण ओलांडून गेली तेव्हा कुठं आईला कळलं. दादा दुसऱ्याच दिवशी आपल्या कारनं गावी पोचला, मीही गेले. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. दादा तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "आई, तुला ऐकू येत नाही. तू एकटी राहायची नाहीस."

"कोन म्हनतं ऐकू येत न्हाई? वळनावरची हाळी मला ऐकू येती. ईचार हिला, एकदा तरी ओ चुकली का?"

ते खरं होतं. माझी एकही हाळी रिकामी गेली नव्हती. दादाचं मला माहीत नव्हतं, कारण कार घेतल्यापासून तो वळणावर थांबतच नव्हता. तो माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली.

"बरं," दादा म्हणाला. "ज्या दिवशी ओ चुकेल त्या दिवशी काय?"

"त्या दिशी मुकाट तुज्या गाडीत बसन. पर तवर मला हिथनं हालवायचं न्हाई."

दादानं तिच्या हातावर हात मारला. आई पैज जिंकल्यासारखी उठून चहा ठेवायला गेली. मला मात्र एक कोडं पडलं. समोर बसून ओरडलेलं जिला कळत नाही, तिला नदीपलीकडची हाळी कशी ऐकू येते?

उत्तर मला चैत्रातच मिळालं. त्या दिवशी अकोल्याला माझी एसटी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून मी प्रवासी जीपमध्ये बसले. वळणावर जीप थांबवली. हवा स्वच्छ होती. खाली आमच्या अंगणात आई कुरडया वाळत घालत होती. मी येणार हे वहिनीच्या फोनवरून तिला कळवलं होतंच. मी हाळी दिली. तिनं मान वर केली नाही. परत दिली. कड्यानं दोन्ही वेळा शेपूट परत केलं, आई मात्र कुरडईवरून कुरडईकडं सरकत राहिली. मी तशीच उभी होते तेवढ्यात मागून घरघरत एसटी आली. ती चुकली नव्हती, उशिरा होती. ती वळणावर थांबली मात्र, अन् खाली आई ताठ उभी राहिली. तिनं पदराला हात पुसले, तोंडाभोवती धरले आणि लांबलचक ओ दिली. गाडीतून अजून कुणी उतरलंही नव्हतं.

आई गाडी बघत होती. मी यायच्या दिवशी एसटीच्या वेळेला अंगणातलं काही तरी काम काढून ती त्या वळणावर नजर ठेवायची, आणि लाल रंग थांबला की ओ द्यायची. तिचा कान तिच्या डोळ्यात जाऊन बसला होता. मी जीपमध्ये बसले आणि घरी जाऊन गरम भात खाल्ला. तिला काही बोलले नाही, दादालाही नाही. बोलले असते तर पैज तिथंच मोडली असती आणि आई नाशिकच्या चौथ्या मजल्यावर गेली असती. दादाकडं तिला काही कमी पडलं नसतं, हे मला माहीत आहे. पण मग त्या वळणावर उतरून मी कुणाला हाळी देणार होते? नुसत्या कड्याला?

श्रावण आला. पाऊस लागून राहिला, गावाकडचे फोन लागेनात. दादानं मला फोन केला. तो वाईट माणूस नाही, आईची काळजी करून करून त्याची झोप उडाली होती. "मला ते करपलेलं पातेलं डोळ्यापुढं येतं," तो म्हणाला. "तू जा. वळणावरून हाळी दे. ओ आली तर दिवाळीपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. नाही आली तर येताना तिला घेऊन ये. तिनंच कबूल केलंय." मी हो म्हटलं. फोन लागला तेव्हा मी वहिनीला निरोप दिला, मी येते आहे, दुपारच्या एसटीनं.

वाटेत संगमनेरपर्यंत ऊन होतं. अकोल्याच्या पुढं पाऊस सुरू झाला आणि घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं. ते तोडून बाजूला करेपर्यंत दुपार टळली. मग गाडी घाटात शिरली आणि थेट ढगातच गेली. ड्रायव्हरनं दिवे लावले. दिव्यांपुढं नुसता पांढरा पडदा. मी परत परत खिडकीची काच पुसत होते. एवढ्या धुक्यात तिला गाडी दिसणार नाही. दिसणार नाही म्हणजे कळणार नाही. कळणार नाही म्हणजे ओ नाही. दादाला खोटं सांगता आलं असतं, तो विचारही मनात येऊन गेला. पण आई दारातच विचारते, ऐकली का ओ? तिला बोलणं ऐकू येत नाही म्हणून ती तोंडाकडं टक लावून बघते, आणि त्या नजरेसमोर मला खोटं जमलं नसतं.

ड्रायव्हर नवा होता, तो थांबेना. कंडक्टरनं घंटा मारली. "थांबव रे, भातवाल्या बाई हायेत." मी एकटीच उतरले. छत्री उलटी झाली ती तशीच काखेत मारून कठड्यापाशी गेले. नदी नाही, गाव नाही, कडा नाही. खाली सगळं पांढरं. मी तोंडाभोवती हात धरले आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. हाळी दिली की निकाल लागणार होता. जोवर दिली नाही तोवर आई आपल्या घरात होती. मागून कंडक्टर म्हणाला, "ताई, आटपा, रस्ता खराब हाय."

आणि खालून, त्या पांढऱ्यातून, ओ आली.

पहिल्यांदा वाटलं, कडा. पण कड्याजवळ स्वतःचं काही नसतं. कुणी तरी हाळी दिल्याशिवाय तो बोलत नाही, आणि वळणावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी जोर करून हाळी दिली, आखूड आणि लांब. कड्यानं माझंच शेपूट परत केलं. त्यानंतर काही नाही. मग बऱ्याच वेळानं, माझ्या हाळीशी काही संबंध नसल्यासारखी, परत ओ आली. थोडी बसलेल्या घशाची. मी गप्प उभी राहिले. आणखी थोड्या वेळानं परत.

कंडक्टर दारात येऊन उभा राहिला होता. तो आमच्याच पट्ट्यातला, त्याच्या लक्षात आलं. "ताई, ह्या बाई तर तुमी हाळी द्यायच्या आधीपासनंच ओ देतायत," तो म्हणाला. मी गाडीत चढले आणि पुलापर्यंत सरळ सरळ रडले. कंडक्टरनं ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सांगितलं.

स्टँडवर वहिनी छत्री घेऊन आली होती. "ताई, आल्या का एकदाच्या! मावशी कवाधरनं ओट्यावं उभ्या हायेत. यष्टीच्या टायमाला जी सुरुवात केली ती ओ, ओ चाललंय. मी हातवारे करून सांगितलं, यष्टी आली न्हाई अजून, आत चला. तर म्हनत्यात, मला काय दिसतंय का? पोरीनं हाळी दिली आन् हिकडनं ओ गेली न्हाई तर? थोडं थांबत्यात, पानी पित्यात, आन् परत ओ. आळीतली पोरं हसाया लागली, तर त्यांच्यावं बी वराडल्या."

आई ओट्यावर होती. पावसाची झड तिच्या लुगड्यावर कमरेपर्यंत चढली होती. मला पाहिलं तरी तोंडाभोवतीचे हात तिनं लगेच खाली घेतले नाहीत. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "ऐकली का?" आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी मान हलवली. "ऐकली," म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला टेकली.

"मंग बस," ती म्हणाली. "पाय धू. भात ऊन हाय. पयला टाकला त्यो गार झाला, त्यो कड्याच्या पाव्हण्यानं खाल्ला." गॅसपाशी दोन पातेली होती. एकात वाफ होती. दुसऱ्यातला थंड भात तिनं माझ्या नकळत स्वतःच्या ताटात वाढून घेतला, म्हणजे तिला वाटलं माझ्या नकळत. पुढच्या दाराला आता ती आतून कडी घालत नाही, वहिनी हवी तेव्हा येते-जाते, हेही तिनं मी न विचारता सांगून टाकलं. जेवताना पत्र्यावर पाऊस इतका होता की मलाही काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी पाऊस उतरला आणि वहिनीच्या फोनवर दादाचा फोन आला.

"ओ आली का?" त्यानं विचारलं.

"आली."

"हाळी दिल्यावर?"

"त्याच्या आधीच. मी उतरले तेव्हा येतच होती. घसा बसलाय तिचा."

दादाही त्याच गावात जन्मलेला. हाळीच्या आधी ओ येते म्हणजे काय, हे त्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यानं हळूच विचारलं, "भात?"

"दोनदा टाकला."

पलीकडं नाशिकच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. दादानं नाक ओढलं.

"आईला सांग, दिवाळीला मी येतो," तो म्हणाला. "कार आणणार नाही म्हणावं. एसटीनं येतो."